संहितेची एक प्रत

आज एकांकिकेबद्दल.

१९६३ साली महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने पुण्यात पुरुषोत्तम करंडक सुरू केला. तेव्हापासून कॉलेजची पोरं तिथे एकांकिका गाजवतायत. एकपात्रीत लक्ष्मण देशपांडेंनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी केली. ‘वऱ्हाड’ टिकलं, कारण त्याचे प्रयोग वर्षानुवर्षं होत राहिले. स्पर्धेतल्या नव्या एकांकिकेला मात्र बऱ्याचदा दोन-चारच प्रयोग मिळतात.

बीटेकला असताना मी आमच्या एकांकिकेच्या लाइट्सवर बसायचो. मित्राने लिहिलेल्या शेवटच्या स्वगतात इतका हरवलो, की ब्लॅकआउटच उशिरा दिला! दोन प्रयोग झाले, स्पर्धा संपली. संहिता माझ्याच लॅपटॉपवर होती. तो फॉरमॅट केला, तेव्हा तीही गेली. ऑफिसात कोडच्या ओळीओळीचा बॅकअप ठेवणारा मी, त्या वीस पानांचा ठेवला नाही. मित्राला हे अजून सांगितलेलं नाही. तो हा एपिसोड ऐकेल, तेव्हा कळेलच.

म्हणून एक सांगतो. नवीन एकांकिका आवडली, तर टाळ्या वाजवून लगेच निघू नका. लेखकाला गाठा, कुठलं वाक्य लागलं ते सांगा, आणि संहितेची एक प्रत मागा. जपून ठेवा.