पुणे ते बाल्टिमोर : एका भागीदारीची वाटचाल

पुण्यातलं ससून रुग्णालय १८६७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं. १९४६ मध्ये त्याच्या जोडीला बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय आलं. इथले अध्यापक आणि अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे प्राध्यापक गेली वीसहून अधिक वर्षं एकत्र काम करत आहेत. त्याची पायाभरणी मात्र त्याच्याही आधी, पुण्यातच पण भोसरीत झाली.

आधी पैशाची बाजू सांगतो. जॉन फोगार्टी हे ऱ्होड आयलंडचे लोकप्रतिनिधी मूळचे गवंडी. अमेरिकी संसदेत आरोग्यखर्चाची उपसमिती त्यांच्याकडे होती आणि वैद्यकीय संशोधनाला पैसा मिळावा म्हणून ते आयुष्यभर भांडले. १९६७ च्या जानेवारीत ते गेले. पुढच्याच वर्षी तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, म्हणजे एनआयएचमध्ये, त्यांच्या नावाचं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं. १९८८ मध्ये या केंद्राने एड्सच्या प्रशिक्षणाचा कार्यक्रम काढला. विद्यापीठातल्या प्राध्यापकाला निधी द्यायचा आणि त्याने तो परदेशातल्या सहकाऱ्यांना संशोधन शिकवण्यावर खर्च करायचा, अशी त्याची रीत. इमारत नाही, महागडं यंत्र नाही. पैसा जायचा तो माणसं तयार करण्यावर. या कार्यक्रमाची मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

हॉपकिन्समध्ये भारताचं काम रॉबर्ट बोलिंजर यांनी हाती घेतलं. १९९२ साली भोसरीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन झाली होती. पुण्यातले डॉक्टर बाल्टिमोरला साथरोगशास्त्र शिकून परतू लागले आणि १९९३ च्या मे महिन्यात शहरातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत नोंदणी सुरू झाली. आलेल्याची तपासणी, समुपदेशन, रक्ताचा नमुना आणि पुन्हा यायची तारीख, असं ते काम. ऐकायला साधं; पण ज्या आजाराचं नाव घरात काढता येत नाही, त्यासाठी माणसाला पुन्हापुन्हा दवाखान्यात यायला राजी करणं फार अवघड. ते समुपदेशकांनी केलं. शोधनिबंधात त्यांची नावं क्वचितच येतात, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

या नोंदींमधून १९९७ साली डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. करोनाच्या दिवसांत टीव्हीवर शांतपणे उत्तरं देणारे म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झालेले, तेच हे डॉक्टर. या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रिया त्यांनी अभ्यासल्या. देहविक्रय करणाऱ्या ५२५ जणींपैकी निम्म्यांना एचआयव्हीची लागण होती. ते अपेक्षितच होतं. पण उरलेल्या ३९१ जणींमध्येही प्रमाण १३.६ टक्के निघालं. यातल्या बहुतेक जणी विवाहित, नवऱ्याशी एकनिष्ठ. आजार ‘तसल्या’ वस्तीतला आहे असं मानून निवांत बसलेल्या समाजाला पुण्याच्या आकड्यांनी सांगितलं की तो माजघरात पोचला आहे. आणि हे सांगणाऱ्या निबंधावर पहिलं नाव पुण्याच्या डॉक्टरचं होतं. भागीदारी खरी की नावापुरती, हे ओळखायची मला याहून चांगली खूण सापडलेली नाही.

लागण नवऱ्याकडून बायकोला होते, तर पुढे बाळाला. म्हणून पुढचं काम ससूनच्या प्रसूती विभागात आलं. ‘स्वेन’ ही चाचणी पुणे, इथिओपिया आणि युगांडा इथे मिळून झाली. आईला कळा सुरू झाल्यावर नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक मात्रा, ही तेव्हाची पद्धत. या चाचणीत निम्म्या बाळांना तेच औषध आठव्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत रोज पाजायचं होतं. म्हणजे ओली बाळंतीण, मांडीवर आठ दिवसांचं पोर आणि सासूच्या देखत भरायची औषधाची मात्रा. अंगावर पाजावं तर दुधातून लागण होण्याची भीती. वरचं दूध द्यावं तर जुलाबाची, आणि ‘पाजत का नाहीस?’ या प्रश्नाचीही. २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. जन्मतः लागण नसलेल्या बाळांपैकी सहा आठवड्यांपर्यंत जुन्या पद्धतीत ५.३ टक्के बाळांना लागण झाली, रोज औषध घेणाऱ्यांत २.५ टक्के. सहा महिन्यांनी हा फरक बराच आटला होता. आई पाजते आहे तोवर संरक्षण चालू राहायला हवं, याकडे त्यातून लक्ष गेलं.

याच चाचणीच्या पोटातून एक वेगळाच प्रश्न निघाला. पुण्यातल्या या बाळंतिणींचा पाठपुरावा करताना ७१५ जणींपैकी २४ जणींना प्रसूतीनंतर क्षयरोग झालेला आढळला. त्या २४ पैकी तिघी दगावल्या. क्षय न झालेल्या ६९१ जणींमध्ये सात. क्षय झालेल्या आयांची बाळंही अधिक संख्येने गेली. बाळंतिणीला खोकला आला, ताप आला, तर घरचे म्हणतात, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, जाईल. त्यात बाई माहेरी गेलेली. नोंद ससूनला, खोकला गावी. पाठपुरावा नसता तर ही गोष्ट कुणाला कळलीच नसती. २००७ च्या या निबंधावर पहिलं नाव बाल्टिमोरच्या अमिता गुप्ता यांचं आहे, पण प्रश्न पुण्याच्या वॉर्डातला आहे.

त्यावरून पुढे आठ देशांत ९५६ एचआयव्हीबाधित गर्भवतींची चाचणी झाली. क्षय टाळणारी आयसोनियाझिडची गोळी गरोदरपणातच सुरू करावी की प्रसूतीनंतर बारा आठवड्यांनी? २०१९ मध्ये आलेलं उत्तर बऱ्याच जणांना अनपेक्षित होतं. गरोदरपणात गोळी घेतलेल्यांमध्ये गर्भावर अनिष्ट परिणाम २३.६ टक्के, नंतर घेतलेल्यांमध्ये १७ टक्के. भल्यासाठी द्यायची गोळी कधी द्यावी, हे विचारल्याशिवाय देऊ नये, एवढं तरी यातून ठरलं.

दरम्यान पैशाची रचनाही बदलली. २०१३ साली भारताचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि एनआयएच यांनी मिळून क्षयरोग संशोधनाचा ‘रिपोर्ट इंडिया’ हा संयुक्त कार्यक्रम सुरू केला. त्यात बी. जे. महाविद्यालय, चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आणि हॉपकिन्स यांचा एक मोठा अभ्यास उभा राहिला. खर्चात आपल्या सरकारचा वाटा असला की पुण्याच्या अध्यापकाला टेबलावर बरोबरीने बसता येतं. हे आधीच व्हायला हवं होतं.

कारण जुनी वाट आता डळमळीत झाली आहे. बहुतेक निधी आधी अमेरिकी विद्यापीठाला मिळतो आणि त्यातला हिस्सा परदेशी सहकाऱ्याकडे येतो. २०२५ च्या मे महिन्यात एनआयएचने असे नवे हिस्से देणं थांबवून वेगळी पद्धत आणायचं जाहीर केलं. त्याच वर्षी अमेरिकी सरकारच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात फोगार्टी केंद्रच बंद करण्याची सूचना होती. हॉपकिन्सनेही परदेशी मदत आटल्यामुळे दोन हजारांहून अधिक नोकऱ्या कमी केल्या.

अशा वेळी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आणि राज्य सरकारने एक करावं. शासकीय महाविद्यालयांतल्या तरुण अध्यापकांना परदेशातल्या जोडीदाराबरोबर काम सुरू करता येईल एवढा छोटा निधी दरवर्षी द्यावा, आणि त्याचा हिशेब यंत्रांच्या यादीवर न मागता पाठपुराव्याला आलेल्या रुग्णांवर मागावा. दोन समुपदेशकांचा पगार, रुग्णांना एसटीचं भाडं, नोंदी ठेवणारा एक माणूस आणि अध्यापकाला ओपीडीतून आठवड्याला एक दिवस मोकळीक, एवढ्यात सुरुवात होते.