एरंडेलाचा वास

नवी स्कूटर घेतली की मागे ‘रनिंग-इन’ अशी चिठ्ठी चिकटवायची, हे अनेकांना आठवत असेल. इंजिनाची ती उमेदवारी. छोट्या, छंदाच्या विमानाच्या इंजिनालाही ती चुकत नाही.

१९८९ साली डोंबिवलीच्या एका मित्रानं असं इंजिन आणलं. एनसीसीच्या वायुदल शाखेत त्याला एरोमॉडेलिंगचं वेड लागलं होतं. इंजिन मुठीत मावणारं, आवाज मात्र पिठाच्या गिरणीला लाजवणारा. फळीवर बसवून गॅलरीत सुरू केलं आणि अख्खी चाळ गोळा झाली. मग आम्ही फळीसकट मलंगगडाच्या रस्त्यावर, नेवाळीला गेलो.

नवा पिस्टन आणि सिलिंडर गुळगुळीत दिसले तरी त्यांच्या अंगावर बारीक चरे असतात. ते एकमेकांवर घासून बसेपर्यंत सुई सैल ठेवून इंधन जास्त सोडायचं. दोन मिनिटं चालवायचं, निवू द्यायचं, पुन्हा चालवायचं. जादा इंधन उष्णता वाहून नेतं, तेलही जास्त पुरवतं. (पितळी सिलिंडरच्या इंजिनांचं तंत्र निराळं, ती फार गार चालवली तर उलट झिजतात.) इंधन म्हणजे मिथेनॉल आणि त्यात आपलं एरंडेल.

हो, लहानपणी नाक दाबून प्यालेलं तेच! त्याची विमानाशी सोयरीक जुनी आहे. १९०८-०९ साली फ्रान्समधल्या सेगँ बंधूंचं ‘नोम’ इंजिन आलं. त्यात सिलिंडरच गरगर फिरत. पेट्रोल इंजिनाच्या पोटातून जाई, साधं तेल त्यात विरघळून पातळ होई. एरंडेल सहसा विरघळत नसे. उरलेलं तेल वैमानिकाच्या तोंडावर उडे आणि मग पोटाची काय अवस्था होई, याच्या गमतीदार गोष्टी सांगतात. पहिल्या महायुद्धात अमेरिकेनं एरंड लावायला बी नेलं ते हिंदुस्थानातूनच. पुढं ती फिरती इंजिनं गेली, मोठ्या विमानांतून एरंडेलही गेलं. छोट्या विमानांनी मात्र ते सोडलं नाही. १९४७ साली रे आर्डेन यांचा ग्लो-प्लग अमेरिकेच्या बाजारात आला, मिथेनॉल रुळलं आणि मिथेनॉलमध्ये एरंडेल छान मिसळतं.

नेवाळीला तिसऱ्यांदा इंजिन निवत होतं, तेव्हा एक म्हातारा शेतकरी जवळ आला. नाक वर करून म्हणाला, “आरं पोरांनो, यो तं येरंडेलाचा वास!” बैलगाडीच्या आसाला तो तेच वंगण घालत आला होता. नवं चाकही आधी रिकाम्या गाडीला फिरवून घ्यायचं, असं त्यानं सांगितलं. विमानाचं त्याला नवल नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं तिथल्या शेतजमिनी घेऊन धावपट्टी बांधली होती.

“तुमची जमीन कुठली, बाबा?” मित्रानं विचारलं.

“तुमी बसलाव तीच.”

आम्ही उठून उभे राहिलो. त्यानं हातानंच बसा म्हटलं.

२०१७च्या जूनमध्ये त्याच जमिनींसाठी नेवाळीत आंदोलन पेटलं, पोलिसांच्या गाड्या जळाल्या. पेपरातली नावं मी दोनदा वाचली. पण म्हाताऱ्याचं नाव आम्ही तेव्हा विचारलंच नव्हतं.