दाढेच्या मापाची पक्कड

शिरूर-चौफुला रस्त्यावरच्या आमच्या न्हावऱ्यात दाढ 'काढत' नाहीत, 'उपटतात'. मुळा उपटावा तशी. त्या शब्दात जोर लावणारा हात आहे आणि आ वासून बसलेला घाबरलेला माणूसही. पण दाढ काढायच्या पकडीचा इतिहास मात्र जोर कमी करत नेण्याचा आहे.

सुश्रुतसंहितेत 101 यंत्रं सांगितली आहेत. त्यांतली 24 'स्वस्तिक यंत्रं' म्हणजे मधे खिळा असलेल्या पकडीच. त्यांची तोंडं सिंह, वाघ, कावळा अशा प्राणी-पक्ष्यांसारखी. हाडात रुतलेलं काही उपसायला ती वापरत. वाग्भटाने दात पाडायला वेगळं, चार अंगुळं लांबीचं हत्यार सांगितलं. म्हणजे कामाप्रमाणे हत्याराचं तोंड बदलावं, ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे.

युरोपात अठराव्या शतकात 'दाताची किल्ली' आली. आकडा दाढेला अडकवायचा आणि कुलपात किल्ली फिरवावी तशी मूठ फिरवायची. दाढ निघायची, पण पुष्कळदा तुटायची आणि कधी जबड्याचा तुकडाही सोबत यायचा. सगळ्या दाढांना एकच हत्यार आणि बाकी मनगटातला जोर!

1841 मध्ये लंडनच्या जॉन टोम्सने यावर लेख लिहिला. तेव्हा तो 26 वर्षांचा, म्हणजे जवळपास माझ्याच वयाचा. त्याचं म्हणणं साधं होतं: पकडीचं तोंड दाताच्या मानेला नेमकं बसलं पाहिजे. एव्ह्रार नावाच्या हत्यारं बनवणाऱ्या कारागिराने तशा पकडी घडवल्या.

आता जीभ वरच्या दाढेवर फिरवून बघा. तिला सहसा तीन मुळं असतात: दोन गालाकडे, एक टाळूकडे. म्हणून पकडीच्या गालाकडच्या पात्याला टोक असतं. ते दोन मुळांच्या फटीत बसतं, तर टाळूकडचं पातं गोलसर असतं. परिणामी डाव्या आणि उजव्या बाजूच्या पकडी वेगळ्या. खालच्या दाढेला मुळं दोनच, एक पुढे, एक मागे. त्यामुळे दोन्ही पात्यांना टोक आणि एकच पक्कड दोन्ही बाजूंना चालते. आम्ही कोड लिहिणारे ज्याला 'आधी डेटा बघ' म्हणतो, ते टोम्सने दाताच्या बाबतीत केलं.

आणि डॉक्टर दाढ ओढत नाहीत. ते पक्कड आधी मुळाच्या दिशेने दाबतात, मग दाढ हळूहळू गालाकडे-जिभेकडे हलवतात. भोवतीचं हाड थोडं प्रसरण पावतं, मुळाला धरून ठेवणारे धागे सुटतात आणि दाढ जवळजवळ आपणहून बाहेर येते. टोम्सच्या लेखानंतर पाच वर्षांनी, 1846 मध्ये, ईथरची भूल जगासमोर आली. आज हिरडीत टोचतात ते लिडोकेन 1948 पासून बाजारात आहे.

एवढं सगळं सुधारूनही माझ्या आजीच्या तोंडात साठीला चारच दात उरले होते. ती आयुष्यभर मिश्री लावायची. दात दुखला की आधी मिश्रीच, मग लवंग आणि शेवटी पक्कड. यात अडाणीपणा कमी, हिशेब जास्त होता. दाढ एका फेरीत निघते. वाचवायला तीन-चार फेऱ्या, दर वेळी एसटीचं भाडं आणि बुडलेला रोज. घोडगंगा कारखान्याच्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या बाईला तर फडातून एक दिवस सुटणंही जड.

पक्कड चांगली झाली, तशी ती सोपी वाटही झाली. पण काढलेली दाढ परत उगवत नाही. शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात, भाकरी एकाच बाजूने चावावी लागते. म्हणून घरातल्या कुणाला दवाखान्यात नेलंत, तर 'कधी काढायची?' या आधी एक प्रश्न जरूर विचारा: 'ही वाचेल का?'