भाग: सीमेपलीकडची बस आणि मार्कंड्याचे बंगाली शेजारी

मागच्या भागावर बऱ्याच जणांनी विचारलं होतं, की दक्षिण आशियात बसने सीमा ओलांडायचा इतिहास नेमका काय आहे? तर आज तेच. पण सुरुवात वाघ्यापासून नाही, आपल्या मार्कंड्यापासून करू.

मार्कंडा म्हणजे चामोर्शी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठावरचं जुनं देवस्थान. महाशिवरात्रीची जत्रा तुम्हाला माहीतच आहे. इथून चामोर्शीला या, मग मुलचेराकडची एसटी धरा. वाटेत गावांची नावं बदलायला लागतात. विवेकानंदपूर, सुंदरनगर. घरात बंगाली, बाजारात मराठी. ही माणसं इथं आली कशी?

1947 ला फाळणी झाली, तरी पूर्वेकडची सीमा एका दिवसात बंद झाली नाही. कलकत्त्याच्या सियालदाहून पूर्व पाकिस्तानात रेल्वे जात होती. ऑक्टोबर 1952 मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. भारतात कायमचं यायचं, तर ‘मायग्रेशन सर्टिफिकेट’ लागायचं. म्हणजे बघा, हे एकाच दिशेचं तिकीट होतं. जानेवारी 1964 मध्ये खुलन्यात आणि इतर भागांत दंगली उसळल्या आणि लोंढे पुन्हा सुरू झाले. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर 1965 च्या युद्धात, रेल्वेही थांबली.

पश्चिम बंगालमध्ये जागा नाही, असं सरकारचं म्हणणं. म्हणून कित्येकांना रायपूरजवळच्या माना कॅम्पात आणलं. 1958 पासून बस्तर आणि कोरापुट भागात दंडकारण्य प्रकल्प सुरू होताच. त्याशिवाय 1960 च्या दशकात आपल्या चांदा जिल्ह्यातही पुनर्वसन झालं. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, तो 26 ऑगस्ट 1982 ला झाला. नद्या-खाड्यांच्या मुलखात वाढलेल्या शेतकऱ्यांना इथं जंगलाच्या कडेला जमीन मिळाली. आणि हेही विसरायचं नाही, की हे जंगल रिकामं नव्हतं. गोंड, माडिया लोक पिढ्यान्‌पिढ्या इथंच राहत होते.

आता बस. फेब्रुवारी 1999 मध्ये वाजपेयी बसने लाहोरला गेले, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच वर्षी जूनमध्ये कलकत्ता-ढाका बसही सुरू झाली, त्याची आठवण आपल्याकडे फारशी निघत नाही. पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावरून ती जाते. रेल्वे मात्र 14 एप्रिल 2008 ला आली, मैत्री एक्स्प्रेस. म्हणजे प्रवासी रेल्वे बंद पडल्यापासून पुन्हा सुरू व्हायला 40 वर्षांहून जास्त गेली. 1964 ला जो तरुण निघाला, तो तोवर म्हातारा झाला होता.

पण माझा आजचा मुद्दा वेगळाच आहे. बस सुरू झाली म्हणून सीमा संपली का? नाही हो. या कुटुंबांतले बरेच लोक नमशूद्र समाजाचे. पश्चिम बंगालमध्ये हा समाज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. महाराष्ट्राच्या यादीत नाही. राज्यघटनेच्या कलम 341 नुसार ही यादी राज्यागणिक वेगळी असते. आमच्या भाषेत सांगायचं, तर एका सर्व्हरवरची नोंद दुसऱ्या सर्व्हरला दिसतच नाही. यांना महाराष्ट्रात आणलं सरकारनंच, पण त्यांची जात मागेच राहिली. सवलतीची मागणी वर्षानुवर्षं चालू आहे.

देशाची सीमा आजोबांनी एकदाच ओलांडली. नातू मात्र कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी राज्याच्या सीमेवर अडतो. बसच्या उद्घाटनाचे फोटो मिळतात, या अडण्याचे फोटो कुठंच मिळत नाहीत.

म्हणून एक विनंती. चामोर्शी, मुलचेरा, आष्टी भागातलं कुणी ऐकत असेल, तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: कुठल्या नाक्यावरून आलात, हातात कुठला कागद होता? मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. ती पिढी आता थोडीच उरलीय.

चला, भेटू पुढच्या भागात!