गाडीतला रेडिओ आणि काचेवरची पाटी

१९८० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये रस्त्याकडेला उभ्या केलेल्या गाड्यांच्या काचांवर एक पाटी सर्रास दिसे : 'नो रेडिओ'. कुणी ती पुठ्ठ्यावर मार्करने लिहिलेली असे, कुणी दुकानातून छापील आणलेली. ही पाटी पोलिसांसाठी नव्हती, चोरासाठी होती. 'बाबा रे, इथे काही नाही, उगाच काच फोडू नकोस,' अशी ती विनवणी होती. त्या काळात या देशात आलेल्या मंडळींना ती चांगलीच आठवत असेल. त्यांच्या मुलांना मात्र गाडीतून रेडिओ चोरीला जाऊ शकतो हेच नवल वाटते.

ही चोरी कशी सुरू झाली, लोकांनी तिच्यापासून बचाव कसा केला आणि अखेर ती कशामुळे थांबली, हा इतिहास शंभर वर्षांचाही नाही. पण स्वतःपुरता बचाव आणि सगळ्यांचा बचाव यांत काय फरक असतो, हे त्यातून फार स्पष्ट दिसते.

चैनीपासून गरजेपर्यंत

१९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी गाडीत बसवता येईल असा रेडिओ तयार केला आणि तो आपल्याच गाडीत बसवून ते अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला गेले. आत दुकान मांडायला जागा घेतलेली नव्हती. त्यांनी गाडी बाहेर उभी केली आणि आवाज मोठा करून येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकवला. या रेडिओला त्यांनी 'मोटोरोला' हे नाव दिले, आणि पुढे कंपनीचेही तेच नाव झाले. रेडिओची किंमत शंभर डॉलरच्या वर होती. त्या काळी फोर्डची नवी साधी गाडी पाचशे डॉलरच्या आसपास मिळे. म्हणजे रेडिओ ही निव्वळ चैन होती. गाडी चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होईल म्हणून मॅसॅच्युसेट्समध्ये अशा रेडिओवर बंदी आणण्याचे प्रयत्नही झाले.

सुरुवातीचा रेडिओ चोरणे सोपे नव्हते. व्हॅक्यूम ट्यूबची अवजड पेटी, वेगळा स्पीकर, वेगळ्या बॅटऱ्या, शिवाय छताच्या अस्तरात किंवा गाडीखाली ताणलेली एरियलची तार, असा तो संसार होता. तो बसवायलाच कित्येक तास लागत, मग काढून नेणार कोण? १९५५ मध्ये क्रायस्लरने पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा रेडिओ गाडीत दिला आणि तिथून हे यंत्र आटोपशीर होत गेले.

१९६५ च्या सप्टेंबरात फोर्डने पुढच्या वर्षीच्या काही गाड्यांत 'एट-ट्रॅक' टेप देऊ केली. ती विकसित करण्यात पुढाकार होता बिल लिअर यांचा. गॅल्विन यांच्या पहिल्या रेडिओच्या कामातही त्यांचा हात होता. आता रेडिओवाला लावील ते ऐकायची सक्ती राहिली नाही, आपल्या आवडीचे गाणे सोबत नेता येऊ लागले. योगायोग असा की पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरची अमेरिकेची वाट त्याच कायद्यामुळे मोकळी झाली.

स्टिरिओ निवडताना

एट-ट्रॅकची जागा लवकरच फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या छोट्या कॅसेटने घेतली. १९७० आणि ८० च्या दशकांत गाडीबरोबर मिळणारा रेडिओ साधाच असे, त्यामुळे हौशी माणूस तो काढून पायोनियर, केनवूड, अल्पाइन, क्लॅरियन, ब्लाउपुंक्ट यांपैकी एखादा सेट बसवी. आपल्या गाडीत नेमका कोणता सेट बसेल हा मोठा प्रश्न होता. व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलमध्ये बिल क्रचफील्ड यांनी १९७४ साली टपालाने स्टिरिओ विकण्याचा व्यवसाय सुरू केला तो याच प्रश्नातून. स्वतःच्या जुन्या पोर्शेसाठी त्यांना मनासारखा सेट मिळत नव्हता. कोणत्या गाडीत काय बसते याची माहिती देणारा त्यांचा कॅटलॉग पुढे कित्येक घरांत येऊ लागला.

निवडीचे काही नियम जाणकार तेव्हाही सांगत आणि ते आजही खरे आहेत. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले वॅट क्षणभराचे असतात, सतत मिळणाऱ्या शक्तीचा आकडा म्हणजे 'आरएमएस' पाहावा. पैसे मोजकेच असतील तर आधी स्पीकर बदलावेत, आवाजातला फरक तिथेच सर्वांत जास्त कळतो. कॅसेटच्या जमान्यात आणखी एक सोय पाहिली जाई : एक बाजू संपली की आपोआप दुसरी सुरू करणारा 'ऑटो-रिव्हर्स'. भर हायवेवर कॅसेट उलटवण्याची कसरत त्याने वाचे.

बसवणे सोपे व्हावे म्हणून जर्मनीत रेडिओच्या खाचेचे एक प्रमाण ठरले : रुंदी १८० मिलिमीटर, उंची ५० मिलिमीटर. 'डिन' या नावाने हे माप जगभर पसरले. कोणत्याही कंपनीचा सेट कोणत्याही गाडीत सरकवावा आणि दोन पातळ चाव्या घालून बाहेर ओढावा, इतके काम सुटसुटीत झाले. ग्राहकाची मोठीच सोय झाली. चोराचीही झाली. शेकडो डॉलरची, पिशवीत मावणारी आणि कोणत्याही गाडीत चालणारी वस्तू दोन मिनिटांत हाती लागे, आणि स्वस्तात सेट हवा असलेला गिऱ्हाईकही शोधावा लागत नसे.

भरून न येणारे नुकसान

काच फुटली की सेटच्या किमतीवर भागत नसे. नवी काच, उचकटलेला डॅशबोर्ड, कापलेल्या वायरी, शिवाय विम्याचे डिडक्टिबल. नेहमीच्या पॉलिसीत कॅसेट तर वगळलेल्याच असत, त्यांच्यासाठी वेगळे कलम घ्यावे लागे.

आपल्या लोकांसाठी हेच कलम महत्त्वाचे होते. सेट जॅक्सन हाइट्सच्या ७४व्या रस्त्यावरच्या भारतीय दुकानांतून किंवा कॅटलॉगमधून पुन्हा घेता येई. भारतातून बॅगेत घालून आणलेल्या कॅसेट कुठून आणणार? भीमसेनजींचे अभंग, नाट्यसंगीत, पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने काढलेले पु. ल. देशपांडे यांचे कथाकथन, हे इथल्या दुकानात मिळत नव्हते. एकाकडे आलेली कॅसेट दहा घरांत कॉपी होऊन फिरे. कधी त्याच ढिगात घरच्यांनी पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेटही असे, आणि तिची दुसरी प्रत नसे. चोराला त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, पण घाईत तो सेटबरोबर खोकेही उचलून नेई.

डबे, कोड आणि निघणारे तोंड

चोरीवर पहिला उपाय निघाला तो आख्खा सेट काढून सोबत नेण्याचा. डॅशबोर्डमध्ये एक पोकळ चौकट बसवायची आणि सेट हँडलला धरून तिच्यातून ओढून काढायचा. न्यूयॉर्कमध्ये याला 'बेन्झी बॉक्स' म्हणत. देवळात, हॉटेलात, लग्नाला, सगळीकडे ही वीट बरोबर वागवायची! कंटाळून लोक ती सीटखाली ढकलत किंवा डिकीत ठेवत, आणि चोर तिथेच आधी पाहत.

मग १९९० च्या सुमारास फक्त पुढची पट्टी काढून खिशात ठेवता येईल असे सेट आले. बटणे आणि पडदा पट्टीवर, त्यामुळे मागे उरलेला डबा निरुपयोगी. हा उपाय बराच चालला, कारण तो अंगवळणी पडण्याइतका सोपा होता.

तिसरा उपाय कोडचा. वीज तुटली की रेडिओ बंद पडे आणि गुप्त आकडा दिल्याशिवाय सुरू होत नसे. कल्पना चांगली, पण बॅटरी बदलल्यावर खुद्द मालकालाच आकडा आठवत नसे आणि डीलरकडे खेटे घालावे लागत. आणि रेडिओला कोड आहे हे चोराला कळेपर्यंत काच फुटलेली असे.

शेजाऱ्याकडे सरकवलेली चोरी

आता पाटीकडे पुन्हा पाहू. 'नो रेडिओ' या दोन शब्दांचा पुढचा, न लिहिलेला भाग असा होता : 'पलीकडच्या गाडीत बघ.' पाटी, लुकलुकणारा अलार्मचा दिवा, स्टिअरिंगला अडकवलेला 'क्लब' नावाचा जाड दांडा, हे सगळे लांबून दिसणारे उपाय. ते ज्याचे त्याला थोडेफार वाचवत. पण चोर घरी परत जात नसे, दोन गाड्या पुढे जाई.

याउलट उदाहरण आहे 'लोजॅक'चे. आख्खी गाडी चोरीला गेली तर पोलिसांना तिचा माग देणारे हे छोटे यंत्र १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सपासून सुरू झाले. ते गाडीत लपवलेले असते, बाहेर कसलीही खूण नसते. इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवले की हे यंत्र ज्या शहरांत पसरले तिथे गाड्यांच्या चोऱ्या एकूणच घटल्या, कारण कोणत्या गाडीत ते आहे हे चोराला कळत नव्हते. यंत्रावर पैसे खर्च करणाऱ्याच्या पदरात एकूण फायद्याचा दहा टक्क्यांहूनही कमी वाटा पडला. बाकीचा फायदा ज्यांनी काहीच घेतले नव्हते, अशा इतरांचा झाला.

चोरी थांबली कशी

गाडीतल्या रेडिओची चोरी कुठल्याही कुलपाने थांबवली नाही. ती थांबली, कारण चोरलेल्या मालाची किंमत गेली. कंपन्या गाडीबरोबरच चांगला स्टिरिओ देऊ लागल्या, आणि तो त्याच गाडीच्या डॅशबोर्डच्या आकाराचा, तिच्याच इतर यंत्रणांशी जोडलेला असे. दुसऱ्या गाडीत तो ना बसे, ना बोले. सुटे सेट स्वस्त झाले. पुढे गाणी आयपॉडमध्ये गेली, मग फोनमध्ये, आणि फोन आपण गाडीत ठेवून जात नाही. गुन्हेगारीही एकंदर घटत होती : न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये सुमारे १ लाख ४७ हजार गाड्या चोरीला गेल्या होत्या, २०१७ मध्ये सहा हजारांहून कमी. पाट्या कधी नाहीशा झाल्या हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

चोर मात्र बेकार झाले नाहीत. काचेवर चिकटवलेले जीपीएस आले तेव्हा ते गेले, एअरबॅग गेल्या, आणि अलीकडे आतल्या पॅलेडियम-ऱ्होडियमसाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. ज्या सुट्या भागाला बाजारात भाव आहे आणि ज्यावर मालकाची ओळख नाही, तिथे चोरी पोहोचते. सगळ्यांसाठी एकच नियम केला तर काय होते, हेही अलीकडेच दिसले. कॅनडात २००७ पासून नव्या गाड्यांना 'इमोबिलायझर' सक्तीचा आहे, म्हणजे योग्य किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. इथल्या बऱ्याच किआ आणि ह्युंदाई गाड्यांत तो बसवलेलाच नव्हता, आणि २०२१ नंतर त्या धडाधड चोरीला गेल्या. कॅनडातल्या त्याच कंपन्यांच्या गाड्यांत मात्र तो होता.

आज गाडी विकताना किंवा भाड्याची गाडी परत करताना तिच्या पडद्यावरून आपल्या फोनची जोडणी, नावे-नंबर आणि घराचा पत्ता पुसायला विसरू नका. तिथली चोरायची वस्तू आता तीच आहे. आणि आपल्या रस्त्यावर, आपल्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सुरक्षेचा विषय निघेल तेव्हा प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारावा : याने चोरी थांबेल, की फक्त शेजारच्या दारात जाईल?