अनवाणी घोडा : श्यामकर्णाच्या गावातून नालाचा इतिहास

भद्रावतीत उभं राहून घोड्यावर बोलायचं म्हटलं, की श्यामकर्णाचं नाव आधी घ्यावं लागतं. रेल्वे स्टेशनच्या पाटीवर अजून भांदकच आहे. पण हीच यौवनाश्व राजाची भद्रावती, ही इथली समजूत फार जुनी आहे. गोष्ट जैमिनी अश्वमेधातली. युधिष्ठिराला यज्ञासाठी घोडा हवा असतो. अंग पांढरं, कान काळे. तसा घोडा फक्त यौवनाश्वाकडे. मग भीम, कर्णाचा मुलगा वृषकेतू आणि घटोत्कचाचा मुलगा मेघवर्ण असे तिघे भद्रावतीला येतात. घोडा तळ्यावर पाणी प्यायला आणला जातो आणि मेघवर्ण त्याला उचलून आकाशमार्गे नेतो. आपल्या डोलारा तलावाकडे बघताना कुणाला ही गोष्ट आठवली, तर त्यात नवल नाही.

ही पुराणकथा आहे, इतिहास नव्हे. पण तिच्यातून इतिहासाचा एक प्रश्न निघतो, आणि आज आपण त्याच्याच मागे जाणार आहोत. श्यामकर्णाच्या पायात नाल होता का?

कथेतला घोडा आकाशातून गेला, त्याच्या खुरांची परीक्षा झालीच नाही. पण अश्वमेधाचे खरे घोडे जमिनीवरून चालले. नाणेघाटाच्या लेखात सातवाहनांच्या घरातल्या दोन अश्वमेधांची नोंद आहे. आपल्या विदर्भाच्या वाकाटकांपैकी पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केल्याचं त्यांच्या ताम्रपटांत सांगितलं आहे. विधी असा, की घोडा वर्षभर मोकळा फिरणार, मागे चारशे रक्षक. त्याला कुणी वळवायचं नाही, घोडीपासून आणि न्हाण्याच्या पाण्यापासून मात्र लांब ठेवायचं. या सगळ्या बारीक नियमांत लोखंड पायाला ठोकण्याचा नियम नाही. कारण ती रीतच त्या काळी आपल्याकडे नव्हती. वर्षभर माळ, रान, नदीपात्र तुडवणारा तो घोडा अनवाणी होता.

कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडून बघा. दुसऱ्या अधिकरणात अश्वाध्यक्षाचा अख्खा अध्याय आहे. कुठले घोडे उत्तम, तर कांबोज, सिंधू, आरट्ट, वनायू इथले. खुराक किती, तूप-तेल किती, चाली कोणत्या, सगळं मोजून दिलंय. घोडा सांभाळणाऱ्या माणसांची यादी आहे, त्यात खाणं शिजवणारा आहे, केस कापणारा आहे, विषवैद्य आहे. नाल ठोकणारा नाही. पण तबेल्याबद्दल एक वाक्य आहे, ते आपल्या विषयाच्या दृष्टीने लाखमोलाचं. घोड्याच्या ठाणाला गुळगुळीत फळ्यांची जमीन असावी आणि मूत व लीद निघून जायची सोय असावी, असं तिथं म्हटलंय. म्हणजे खूर ओल्या घाणीत राहू नये. खुराची काळजी होतीच, फक्त ती पायाखालच्या जमिनीतून घेतली जात होती.

आणि हे फक्त आपल्याकडेच नव्हतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीसमध्ये झेनोफन नावाच्या सेनानीने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं. तो सांगतो, घोडा बाहेर जिथं उभा करता तिथं मुठीएवढ्या गोट्यांच्या चार-पाच गाड्या ओता. खरारा करताना, माशा वारताना घोडा त्यांच्यावर पाय आपटत राहतो, आणि खूर आपोआप कठीण होतो. हाही अनवाणी घोड्याचाच जमाना. खिळ्यांचे नाल युरोपात सर्रास झाले ते मध्ययुगात, साधारण नवव्या ते अकराव्या शतकाच्या सुमारास.

मग आपल्याकडे नाल आला कधी? इथं भाषाच साक्ष देते. खूर आपला, घोडा आपला. पण नाल हा शब्द अरबी, नालबंद फारसी. लगाम, जीन, रिकीब हेही त्याच वाटेने आले. वस्तू बाहेरून आली की बहुतेक वेळा शब्द तिच्या पाठीवर बसून येतो. तुर्क-अफगाण घोडदळांबरोबर ही कला उत्तरेत रुजली आणि पुढे दख्खनेत उतरली, असंच इतिहासकार साधारणपणे मानतात. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो दक्षिणेच्या किनाऱ्यावर आला होता. तो लिहितो, की इथले राजे दरवर्षी हजारो घोडे समुद्रापलीकडून विकत घेतात आणि ते इथं मरतात, कारण त्यांची निगा राखणारे, नाल-औषध जाणणारे लोकच इथं नाहीत. आणि व्यापारी मुद्दाम असे लोक येऊ देत नाहीत. घोडे मेले तरच नवे विकले जाणार ना!

अकबराच्या काळापर्यंत नाल ही राज्याच्या हिशेबातली बाब झाली होती. आईन-ए-अकबरीत नोंद आहे : घोड्यांना वर्षातून दोनदा नाल ठोकायचा, पूर्वी एका संचाला आठ दाम मिळत, आता दहा. ही नोंद जरा थांबून वाचायला हवी. आज नाल ठोकलेल्या घोड्याचा नाल दर सहा ते आठ आठवड्यांनी काढून, खूर छाटून, पुन्हा बसवतात. वर्षातून दोनदा म्हणजे फारच विरळ. पातशाही तबेल्यातला घोडासुद्धा बारा महिने अखंड नालावर नसावा, असं आम्हाला यावरून वाटतं.

हे समजून घ्यायला खुराचं साधं गणित माहीत हवं. खूर म्हणजे नखच. तो महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढतो. चालताना झिजतो. वाढ जमा, झीज खर्च. जमा-खर्च जुळला तर घोडा अनवाणी सुखात राहतो. खर्च जास्त झाला, म्हणजे खडकाळ वाट, पाठीवर ओझं, रोजची लांब मजल, तर खूर तळापर्यंत झिजतो आणि घोडा लंगडतो. तिथं नाल उपयोगाचा. तो झीज थांबवतो. पण किंमत घेतो. पाय टेकला की खूर किंचित फाकतो, उचलला की आवळतो. तळाचा त्रिकोणी, रबरासारखा भाग जमिनीवर दाबला जातो. या हालचालीने धक्का जिरतो आणि पायातलं रक्त वर जायला मदत होते. कडेला लोखंड खिळलं, की ही हालचाल कमी होते. म्हणून नाल म्हणजे काही शत्रू नव्हे. ते कर्ज आहे. गरजेला घ्यावं, पण कायम अंगावर वागवू नये.

आता मराठ्यांचं घोडदळ या गणितात बसवून बघू. आपली तट्टं, विशेषतः भीमथडीची, लहान चणीची, काटक, कठीण खुराची म्हणून प्रसिद्ध. ती दगडगोट्यांत जन्मली, लहानपणापासून त्यांवरच चालली. तरी नाल मराठी लष्करात होताच. इतका, की नालबंदी या शब्दाचा अर्थच बदलला. शिलेदाराला मोहिमेआधी घोडा तयार करायला जी उचल देत, तिला नालबंदी म्हणू लागले. पाय बांधायचा खर्च हा मोहिमेचा पहिला खर्च! पण मोहीम दसऱ्याला निघायची आणि पावसाळ्यात छावणी पडायची. चार महिन्यांत खूर तीन-चार सेंटिमीटर वाढतो, म्हणजे मोहिमेत झिजलेला बराच भाग भरून निघायला तेवढी सवड मिळे. धोका वेगळाच होता : ओल. चिखलात उभ्या घोड्याचा खूर मऊ पडतो, तळ सडतो.

चिपळूण भागातल्या छावणीला शिवाजी महाराजांच्या दरबारातून मे 1674 मध्ये गेलेलं पत्र आपण शाळेपासून ऐकतो, ते रयतेला त्रास न देण्याबद्दल. ते पुन्हा वाचताना घोड्याच्या बाजूने वाचा. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आता उधळलीत तर पुढे मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा रोख आहे. घोडा रणात मरतो त्यापेक्षा ठाणावर मरतो, हे त्या पत्राला ठाऊक आहे. आणि उलट चूकही तितकीच वाईट. काम नसलेल्या घोड्यापुढे चंदीचा तोबरा भरभरून बांधला, तर खुराच्या आतला जिवंत पापुद्रा सुजतो, घोडा मागच्या पायांवर भार टाकून उभा राहतो. अशा पायाला नाल लावा की काढा, दोष तोबऱ्यात असतो.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातही घोडा परका नाही. चांद्याचं गोंड राज्य 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, त्याच्या कितीतरी आधीपासून तो इथं आहे. गोंडीत घोड्याला कोडा म्हणतात, आणि कोडापेन हा गोंडांचा घोडादेव. काळ्या मऊ जमिनीत, धानाच्या बांध्यांत घोड्याला लोखंडाची गरज फारशी नव्हती. इथं लोखंड जास्त करून बैलाच्या पायाला गेलं. पक्क्या सडका झाल्या, बैलगाडीला ओझं वाढलं, आणि बैलाला पत्री मारणारा गावोगाव फिरू लागला. म्हणजे पुन्हा तेच : रस्ता बदलला की पाय बदलतो.

आज युरोप-अमेरिकेत घोडे अनवाणी ठेवण्याची चळवळ आहे. अमेरिकेतल्या मोकाट मस्टँग घोड्यांचे खूर अभ्यासून जेमी जॅक्सन यांच्यासारख्या नालबंदांनीच ती पुढे नेली. ह्यूस्टन शहरातल्या पोलिसांचे घोडे डांबरी रस्त्यांवर अनवाणी काम करतात. काही जण याला नवा शोध समजतात. शोध नवा नाही हे आपण पाहिलं. पण जुनं आहे म्हणून सोपं आहे, असंही नाही. वर्षानुवर्षं नालावर असलेल्या घोड्याचा नाल एका दुपारी काढला आणि दुसऱ्या दिवशी गिट्टीवर स्वारी केली, तर तो छळच आहे. खुराची भिंत वरून खाली नवी यायला जवळपास वर्ष लागतं. तेवढा काळ आधी हातात धरून चालवायचं, मग मऊ जमिनीवर थोडी स्वारी, पाऊल आखूड पडलं की खाली उतरायचं. रोज खूर उचलून साफ करायचा, सहा-आठ आठवड्यांनी कानस फिरवायची, ठाण कोरडं ठेवायचं, दाणा कामाच्या मानाने द्यायचा.

हा प्रश्न आपल्या दारातला आहे. लग्नसराईत वरातीचा घोडा रात्र-रात्र डांबरावर आणि सिमेंटवर उभा असतो, मग महिनोन्‌महिने बांधून. त्याचा जमा-खर्च कुणी मांडत नाही. माथेरानला पेव्हर ब्लॉक बसवले तेव्हा घोडे घसरतात म्हणून घोडेवाले भांडले. न्यायालयापर्यंत गेलेल्या त्या वादात घोड्याच्या पायाचा विचार निदान झाला. बाकी ठिकाणी रस्ता करताना त्यावर कोण चालणार, हे विचारलंच जात नाही. आणि खूर हातात घेऊन घोड्याची चूक कुठं झाली ते सांगणारे जुने नालबंद कमी होत चाललेत. त्यांच्याकडचं ज्ञान लोखंडाचं कमी, खुराचं जास्त आहे. अनवाणी घोडा ठेवायचा असेल तरी छाटणी त्यांच्याकडूनच शिकावी लागेल.

श्यामकर्णाच्या गावाने घोडा ठेवायचा तर त्याला नाल ठोकावा की नाही, याचं एकच उत्तर इतिहास देत नाही. आधी जमीन बघा, काम बघा, तोबरा बघा आणि मग पाय उचलून बघा, एवढा क्रम तो सांगतो. आपण बहुतेक वेळा शेवटून सुरुवात करतो. इथं थांबूया, आता आपले प्रश्न घेऊ.