विकरांची साक्ष

नदीचें पाणी विषारी झालें आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचा जुना मार्ग म्हणजे बाटली भरून रसायनशाळेकडे धाडणें. परंतु पाणी वाहून जातें आणि विषहि त्याबरोबर जातें. मासे मात्र मागें उरतात. त्यांनाच साक्षीस बोलवावें ही कल्पना कशी निघाली, याचा इतिहास मनोरंजक आहे.

त्याचा आरंभ प्रदूषणाच्या चिंतेंतून झालेला नाहीं. १९३२ सालीं एडिंबरो येथें एडगर स्टेडमन व त्यांचे सहकारी यांना घोड्याच्या रक्तद्रवांत एक विकर, म्हणजे इंग्रजींत ज्यास एन्झाइम म्हणतात तसें द्रव्य, आढळलें. त्यास त्यांनीं कोलिन-एस्टरेज असें नांव दिलें. मज्जातंतूंचा निरोप स्नायूंस पोंचविणारें ॲसिटिलकोलिन काम होतांच मोडून टाकणें, हें या वर्गाच्या विकराचें कर्तव्य. तें खुंटलें कीं निरोप थांबतच नाहीं. स्नायू थरथरतात आणि अखेरीस श्वास कोंडतो. १९३६ सालीं जर्मनींत गेऱ्हार्ट श्राडर यांस कीटकनाशकें शोधतां शोधतां टाबुन हें भयंकर विष सांपडलें. या कुळांतील फॉस्फरसयुक्त विषें नेमकें हेंच विकर निकामी करतात.

मग १९५८ सालीं चार्ल्स वाइस या अमेरिकन संशोधकानें गोड्या पाण्यांतील तीन जातींच्या माशांच्या मेंदूंतील हें विकर मोजून विषानें तें किती घटतें हें दाखविलें. १९७५ सालीं पक्ष्यांसाठीं अंदाज बसला: मेंदूंतील विकर शेंकडा २० नीं घटलें तर विषाचा संपर्क झाला, आणि शेंकडा ५० नीं घटून पक्षी मेलेला असेल तर मरणाचें कारण तेंच, असें समजावें.

परंतु घटलें म्हणावयाचें तें कशाच्या मानानें? खरी अडचण येथेंच आहे, आणि साक्षीदाराची पारख केल्यावांचून साक्ष मानूं नये हा इतिहासाचा दंडक येथेंहि लागू पडतो. १९४८ सालीं स्वीडनमधील ऑगस्टिन्सन यांनीं अनेक प्राण्यांतील या विकरांची तुलना करून ग्रंथच लिहिला होता. मनुष्याच्या तांबड्या रक्तपेशींवर तें भरपूर असतें. पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत जवळजवळ नसतेंच. घरट्यांतील पिलाच्या मेंदूंत तें वयाबरोबर वाढत जातें. म्हणून निरोगी पिलूहि अजाण परीक्षकास विषबाधित वाटावयाचें. शिवाय अशीं कांहीं विषें रक्तांतच फोडणारें एक दुसरें विकर सस्तन प्राण्यांत मुबलक आणि पक्ष्यांत अत्यल्प असतें.

या उणिवेची किंमत अर्जेंटिनांत दिसली. उत्तर अमेरिकेंतून हिवाळ्यांत तेथें जाणारा स्वेनसनचा बाज शेतांतील नाकतोड्यांवर जगतो. १९९५-९६ च्या हंगामांत नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारलें गेलें आणि सुमारें २०,००० बाज मेले असा अंदाज झाला. मेंदूंतील निकामी विकरानें कारण सांगितलें. पण मेंदूची साक्ष मेल्यावरच मिळते.

मनुष्याचें तसें नाहीं. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेतमजूर दगावले, आणि त्यानंतर शासनानें ज्या औषधांवर तात्पुरती बंदी घातली त्यांत मोनोक्रोटोफॉसहि होतें. जिवंत मजुराच्या बोटाच्या रक्ताच्या थेंबांतहि हा साक्षी हजर असतो. मात्र निरोगी माणसामाणसांतहि त्याचें प्रमाण भिन्न असल्यामुळें फवारणीपूर्वीचा आंकडा हातीं असावा लागतो. कॅलिफोर्नियांत हा पहिला आंकडा घेण्याचा नियम १९७४ सालींच झाला.